एफएम सिंथ कुठला घ्यावा, आणि घेण्याआधी काय वाजवून बघावं

वाचकाचं पत्र, थोडक्यात: हे वाचक बऱ्याच काळापासून घरच्या कॉम्प्युटरवर ट्रॅक बनवतायत. साधे सिंथ, म्हणजे सॉ वेव्ह घ्यायची, फिल्टर लावायचा, कटऑफ फिरवायचा, हे त्यांना चांगलं जमतं. आता त्यांना ऐंशीच्या दशकातला तो काचेसारखा ई-पियानो, घंटांचे आवाज आणि धातूसारखा टणक बेस स्वतःच्या ट्रॅकमधे हवाय. त्यासाठी त्यांनी डेक्स्ड हा फुकटातला एफएम सिंथ (एफएम म्हणजे एका वेव्हने दुसरी वेव्ह हलवून आवाज घडवणं) डाउनलोड केला, त्यात हजारो पॅच, म्हणजे तयार आवाज, भरले, कित्येक संध्याकाळी नुसते पॅच पालटण्यात गेल्या, आणि एकदा धीर करून एका ऑपरेटरचं, म्हणजे आतल्या एका वेव्हचं, लेव्हल वाढवलं तर छान वाजणारा ई-पियानो एकदम किंचाळायला लागला. एक मित्र म्हणतो फुकटच्यात खरा एफएम आवाज नसतोच, पैसे टाक आणि चांगला घे. दुसरा म्हणतो वेगळा एफएम सिंथ हवाच कशाला, वेव्हटेबल सिंथमधे एफएमची सोय असतेच की. त्यांच्या यादीत तीन नावं आहेत: नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचा एफएम-८, आर्टुरियाचा डीएक्स-७ व्ही, आणि एबलटन लाइव्हसोबत त्यांना आधीच मिळालेला, ऑपरेटर याच नावाचा सिंथ. प्रश्न असा की यातला कुठला घेतला तर नंतर पस्तावणार नाही, आणि एफएम शिकायला गणित यायलाच हवं का.

तुमचं पत्र वाचताना मी त्या किंचाळणाऱ्या ई-पियानोपाशी थांबले. कुठला घेऊ याचं उत्तर देतेच आहे, पण तुमची सगळी धाकधूक तिथूनच सुरू झालीय असं मला वाटतं. आवाज बिघडला, मग वाटलं सिंथ फुकटचा आहे म्हणून असेल, नाहीतर आपल्याला गणित येत नाही म्हणून असेल. दोन्ही कारणं खरी नाहीत.

झालं असं असणार. डेक्स्डमधे ऑपरेटरचं लेव्हल ० ते ९९ असतं, मूळ डीएक्स-७ मधे, म्हणजे डेक्स्ड ज्याची नक्कल करतो त्या यामाहाच्या जुन्या कीबोर्डमधे, होतं तसंच, आणि हे आकडे सरळ वाढत नाहीत, वरच्या भागात एकेक आकडा साधारण पाऊण डेसिबलचा असतो. म्हणजे ८ आकडे वर गेलं की परिणाम दुप्पट. तुम्ही समजा ७० वरून एका झटक्यात ९९ वर नेलं असेल तर मॉड्युलेशन, म्हणजे एका वेव्हने दुसरीला हलवणं, थोडंसं वाढलं नाही, बारापटीच्या आसपास वाढलं. त्यात तुमच्या हाताला सवय कटऑफची. कटऑफ कितीही उघडला तरी फिल्टर फक्त आधीपासून असलेलंच बाहेर सोडतो, त्यामुळे तिथे बिनधास्त फिरवता येतं. एफएममधे मॉड्युलेटरचं, म्हणजे हलवणाऱ्या ऑपरेटरचं, लेव्हल वाढवलं की आधी नसलेले नवे हार्मोनिक्स, म्हणजे वरचे सूर, जन्माला येतात, आणि ढिगाने येतात. त्यामुळे इथे हात दोन-दोन आकड्यांनी चालवायचा, बास. हे कुणी आधी सांगत नाही आणि मग लोक पहिल्याच दिवशी घाबरून प्रीसेटकडे परत जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण एफएम ही माझ्या मते सिंथेसिसमधली सगळ्यात कमी सामानात सगळ्यात जास्त देणारी गोष्ट आहे.

आता गणिताचं बघू. जॉन चाउनिंग यांना स्टॅनफर्डमधे १९६७ साली ही गोष्ट सापडली तीच मुळात कानाने सापडली. ते संगीतकार. कॉम्प्युटरवर व्हायब्रेटो देत होते, म्हणजे एका साइन वेव्हचा सूर दुसऱ्या साइन वेव्हने वरखाली हलवत होते, आणि तो व्हायब्रेटो वेगात नेत नेत इतका वेगात नेला की सूर हलतोय असं ऐकू येईनासं झालं आणि त्याजागी आवाजाचा रंगच बदलला. गणित त्यावर नंतर मांडलं गेलं, त्यांचा पेपर आला १९७३ मधे, मग यामाहाने स्टॅनफर्डकडून हक्क घेतले आणि १९८३ मधे डीएक्स-७ आला. तेव्हा तुम्हाला बेसेल फंक्शन कळायची काहीच गरज नाही. बेरीज-वजाबाकी आली की पुरे, आणि तीही फक्त एकदा समजून घेण्यापुरती.

बघा, जो ऑपरेटर ऐकू येतो तो कॅरियर, जो त्याला हलवतो तो मॉड्युलेटर. कॅरियर २०० हर्ट्झचा आणि मॉड्युलेटरही २०० चा असेल, म्हणजे रेशो १:१, तर कॅरियरमधे मॉड्युलेटर मिळवत जा: ४००, ६००, ८००. सगळे पटीतले, म्हणून सॉ वेव्हच्या जवळचा भरलेला आवाज. मॉड्युलेटर ४०० चा केला तर वर ६००, १०००, १४००, आणि वजा करत गेलं तर उणे २००, उणे ६००. शून्याखाली गेलेली फ्रिक्वेन्सी उलट्या फेजने परत वर वळते, म्हणजे पुन्हा २०० आणि ६०० वरच येऊन बसते. हाती आले फक्त १, ३, ५, ७ पट, आणि कान म्हणतो क्लॅरिनेट, पोकळ. आता मॉड्युलेटर २८० चा करा, म्हणजे रेशो १:१.४. वर ४८०, ७६०, खाली ८०, ३६०. यांचा एकमेकांशी कानाला पटेल असा संबंध लागत नाही, आणि घंटा वाजली. झालं, एवढंच. रेशो ठरवतो कुठले सूर निघणार, मॉड्युलेटरचं लेव्हल ठरवतं त्यातले किती ऐकू येणार, आणि मॉड्युलेटरचा एन्व्हलप ठरवतो ते वेळेनुसार कसे येणार-जाणार.

या तिसऱ्या गोष्टीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुमची निवड माझ्या मते त्यावरच ठरायला हवी. एफएमचा जीव मॉड्युलेटरच्या एन्व्हलपमधे असतो. ई-पियानोची ती टिंग म्हणजे उंच रेशोचा मॉड्युलेटर जो झटकन विरतो. ब्रास म्हणजे मॉड्युलेटर जो कॅरियरपेक्षा किंचित उशिरा चढतो, कारण खऱ्या तुतारीत आवाज मोठा होतो तसा तो उजळही होतो. घंटा म्हणजे दोन्ही लांब, फक्त मॉड्युलेटर थोडा आधी संपतो, म्हणून शेवटी निव्वळ एक शांत साइन उरतो. ज्याला मॉड्युलेटरचा एन्व्हलप पटकन हातात घेता येतो त्याला एफएम येतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की सिंथ निवडताना "याचा आवाज कसा आहे" हे नंतर विचारा, आधी विचारा की मॉड्युलेटरचा एन्व्हलप, त्याचं लेव्हल आणि वेलॉसिटीला, म्हणजे नोट किती जोरात वाजली याला, तो किती ऐकतो, या तीन गोष्टी मला एका नजरेत दिसतात का आणि विचार न करता बदलता येतात का.

कारण आतला हिशोब बऱ्यापैकी सगळीकडे सारखाच आहे. साइनने साइन हलवायची. (बहुतेक सॉफ्टवेअर सिंथ, आणि खुद्द डीएक्स-७ सुद्धा, फ्रिक्वेन्सीऐवजी फेज हलवतात, त्याने मॉड्युलेशन किंवा फीडबॅक, म्हणजे ऑपरेटरने स्वतःलाच हलवणं, वाढवलं तरी मूळ सूर सरकत नाही. तुमच्या कामाला एवढं माहीत असणं पुरेसं आहे.) तुमचा पहिला मित्र म्हणतो की फुकटच्यात खरा आवाज नसतो, तर त्याला विचारा की खरा म्हणजे नेमका काय. मूळ डीएक्स-७ मधे १२ बिटचा कन्व्हर्टर होता, त्याचा एक बारीक खरखरीत पोत होता, सूर विरताना विशेष ऐकू येतो. तो पोत हवा असेल तर डेक्स्डमधेच इंजिन निवडता येतं, एक आधुनिक २४ बिटचं, एक मार्क वन नावाचं जुन्या मशीनसारखं, आणि एक जुन्या साउंड कार्डमधल्या ओपीएल चिपच्या धाटणीचं. त्याहून बारकाईने तोच पोत हवा असेल तर प्लोगचा चिपसिंथ ओपीएस-७ आहे, तो चिपच्या पातळीवर नक्कल करतो. पण हे कोणाला लागतं? ज्यांना जुन्या रेकॉर्डिंगमधला एखादा पॅच जसाच्या तसा हवाय त्यांना. मिक्समधे ड्रम, बेस आणि गाणं असताना तो फरक कितपत उरतो हे तुम्ही स्वतः दोन्ही इंजिन लावून ऐका, मी सांगायची गरजच पडणार नाही.

आणि जुने पॅच पातळ किंवा कर्कश वाटतात याची दोन साधी कारणं असतात, ती सिंथवर ढकलण्याआधी तपासा. एक, डीएक्स-७ मधे आत कोरस, रीव्हर्ब काहीच नव्हतं. रेकॉर्डवर आपण जो ई-पियानो ऐकत आलो त्यातला तो पसरलेला गोडवा बऱ्याचदा स्टुडिओतल्या कोरसचा आणि रीव्हर्बचा आहे. डेक्स्डवर एक बरा कोरस लावा, मग मत बनवा. दोन, वेलॉसिटी. मूळ डीएक्स-७ चा कीबोर्ड कितीही जोरात वाजवला तरी मिडी वेलॉसिटी १२७ पर्यंत पोचत नसे, बरीच खाली थांबत असे, आणि पॅच बनवणाऱ्यांनी तोच कीबोर्ड समोर ठेवून आकडे ठरवले. तुम्ही पियानो रोलमधे माउसने नोट काढता आणि सगळ्या एकाच वरच्या आकड्यावर बसतात, मग मॉड्युलेटर सतत उघडा, आवाज सतत कर्कश. वेलॉसिटी ६० ते ९० मधे आणा, नोटागणिक थोडी बदलती ठेवा. अर्ध्या लोकांची "माझा एफएम सिंथ प्लास्टिकसारखा वाजतो" ही तक्रार इथेच मिटते असं मला वाटतं.

एफएम कठीण असतं हा जो बोलबाला आहे तो पण जरा उलगडून बघू. डीएक्स-७ च्या तोंडावर सपाट मेंब्रेनची बटणं, एक डेटा स्लायडर आणि दोन ओळींचा छोटा डिस्प्ले. सहा ऑपरेटर, प्रत्येकाच्या एन्व्हलपला ४ रेट आणि ४ लेव्हल, म्हणजे एका पॅचमधे नुसत्या एन्व्हलपचे ४८ आकडे, आणि ते एकेक करून त्या डिस्प्लेत डोकावून भरायचे. लोक कंटाळले तर त्यात नवल काय. पण तो कठीणपणा त्या पॅनलचा होता. आज तेच ४८ आकडे स्क्रीनवर आलेख म्हणून दिसतात, माउसने ओढता येतात. जुनी भीती आपण नव्या सॉफ्टवेअरवर लादतोय, हे तुमच्या पत्रात मला दिसलं आणि मला येणाऱ्या बऱ्याच पत्रांत दिसतं.

आता तुमच्या यादीकडे येते, आणि यादीबाहेरच्याही काहींकडे, कारण हे वाचणाऱ्या प्रत्येकाकडे तुमचंच सॉफ्टवेअर असेल असं नाही.

एबलटनचा ऑपरेटर तुमच्याकडे आहे, आणि तुमच्यासाठी सुरुवात तिथूनच व्हावी असं माझं स्पष्ट मत आहे. चार ऑसिलेटर (इथे ऑपरेटरना हे नाव आहे), ११ अल्गोरिदम, म्हणजे कोण कोणाला हलवणार याच्या मांडण्या, प्रत्येकाचा एन्व्हलप मधल्या डिस्प्लेत मोठा दिसतो, आणि शेवटी एक फिल्टर आहे, जो तुमच्या ओळखीचा आहे. चार ऑपरेटर कमी वाटतील, पण यामाहाचा टीएक्स-८१-झेड चारच ऑपरेटरचा होता आणि त्याचा लेटली बेस नावाचा पॅच डान्स म्युझिकमधे किती वर्षं वाजला ते तुम्ही नकळत ऐकलेलंच असणार. तुम्हाला हवा असलेला टणक बेस चारात होतो, खरं तर दोनात होतो. ऑपरेटरमधे वेव्हफॉर्मचे हार्मोनिक्स हाताने काढता येतात, म्हणजे साइनच्या जागी थोडी भरलेली वेव्ह घेऊन कमी ऑपरेटरमधे काम भागतं. उणीव एकच, डीएक्स-७ चे जुने पॅच तो घेत नाही. पण ते काम डेक्स्ड करतोच.

डेक्स्डला मी वेगळ्या नजरेने बघते. तो सिंथ आहेच पण वाचनालयही आहे. जुन्या पॅचच्या सिसेक्स फाइल्स, एका फाइलमधे ३२ पॅच, तो थेट उघडतो, आणि प्रत्येक ऑपरेटर चालू-बंद करायचं बटण समोर आहे. त्यामुळे कोणी काय करून ठेवलंय हे उकलून बघता येतं. मूळ ई-पियानोचा पॅच लावा, तो ५ नंबरच्या अल्गोरिदमवर आहे, म्हणजे दोन-दोन ऑपरेटरच्या तीन जोड्या शेजारी शेजारी. एक-एक जोडी बंद करून ऐका. एका जोडीत मॉड्युलेटरचा रेशो १४ आहे, ती टिंग. बाकीच्या दोन जोड्या १:१ च्या, ते अंग, ते लाकूड. ज्या आवाजावर दशकभर लोक फिदा होते तो असा तीन तुकड्यांत समोर येतो, आणि एकदा हे ऐकलं की तुम्ही तो ऑपरेटरमधे चार ऑसिलेटरच्या दोन जोड्यांतही बनवू शकता, तिसऱ्या जोडीऐवजी थोडा कोरस. ज्याच्याकडे खरा डीएक्स-७ आहे त्यालाही डेक्स्ड उपयोगी आहे, त्यातून मशीनला पॅच पाठवता येतात. स्क्रीन गर्दीची आहे, हे मान्य. पण सगळं एकाच पानावर आहे, पानं उलटावी लागत नाहीत, आणि सवय झाली की ती गर्दीच सोयीची वाटायला लागते.

एफएम-८ हा २००६ चा, आणि त्याचा मॅट्रिक्स मला आजही आवडतो. डीएक्स-७ मधे ३२ ठरलेले अल्गोरिदम, त्यातून निवडायचं. इथे कुठलाही ऑपरेटर कुठल्याही ऑपरेटरला, किती प्रमाणात, हे चौकटीत आकडे टाकून ठरवता येतं, आणि दोघांनी एकमेकांना हलवायचं असेल तरी हरकत नाही. वर नॉइझचा एक आणि फिल्टरचा एक असे वेगळे ऑपरेटर आहेत, चार आवाजांच्या मधे सरकत जायचा मॉर्फचा चौकोन आहे, डीएक्स-७ चे पॅचही घेतो. ज्याला हळूहळू रूप बदलत जाणारे लांब आवाज, विचित्र टेक्सचर, आधुनिक गुरगुरणारा बेस करायचाय त्याच्यासाठी अजूनही भक्कम आहे. पण इंटरफेस जुन्या काळचा आहे, त्यामुळे पैसे देण्याआधी डेमो तुमच्याच कॉम्प्युटरवर, तुमच्याच स्क्रीनवर उघडून बघा, अक्षरं वाचता येतात का, तुमच्या सिस्टीमवर नीट चालतो का.

आर्टुरियाचा डीएक्स-७ व्ही त्या माणसासाठी आहे ज्याला डीएक्स-७ ची चौकट हवीय पण त्या जुन्या डिस्प्लेचा जाच नकोय. एन्व्हलप मोठे, नीट दिसतात, इफेक्ट आत आहेत, साइनशिवाय इतर वेव्हही आहेत. तुम्हाला ई-पियानो आणि घंटा मुख्य हव्या असतील आणि पॅकेज लावून लगेच वाजवायचं असेल तर यादीतला हा सर्वात सरळ रस्ता. पण तुमच्याकडे ऑपरेटर अधिक डेक्स्ड असताना यातून जे जास्तीचं मिळेल ते सोय आहे, नवा आवाज फारसा नाही. सोयीसाठी पैसे देणं काही चूक नाही, फक्त आपण सोय विकत घेतोय हे माहीत असावं.

इतरांसाठी झटपट. एफएल स्टुडिओ वापरत असाल तर सायट्रस बघा, सहा ऑपरेटर, मॅट्रिक्स, तीन फिल्टर, आणि तो बऱ्याच जणांकडे न उघडता पडून असतो. लॉजिकमधला ईएफएम-१ दिसायला खेळण्यासारखा, एक मॉड्युलेटर एक कॅरियर, पण शिकायला त्याच्याइतकं स्वच्छ काही नाही. फुकटातच हवं असेल आणि एफएमसोबत बाकीचंही करायचं असेल तर सर्ज एक्सटी, त्यात एफएमचे वेगळे ऑसिलेटर आहेत. कॉर्गचा ऑप्सिक्स नेटिव्ह हा प्रयोग करणाऱ्यांसाठी, त्यात ऑपरेटर नुसती एफएम न करता रिंग मॉड्युलेशन, फिल्टर, वेव्हफोल्डर म्हणूनही वागतात. जुन्या व्हिडिओ गेमचा आवाज हवा असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी, सेगाच्या मेगा ड्राइव्हमधे चार ऑपरेटरची वायएम-२६१२ चिप होती, तिथे तिच्याच नकला शोधा, सहा ऑपरेटरच्या मागे धावू नका.

दुसरा मित्र, वेव्हटेबलवाला, अर्धा बरोबर आहे. सीरममधे किंवा व्हायटलमधे एक ऑसिलेटर दुसऱ्याला हलवू शकतो, आणि आजचा गुरगुरणारा बेस त्यात फार पटकन होतो. पण तिथे ऑसिलेटर दोन किंवा तीन, म्हणजे जोड्यांच्या जोड्या रचायला जागा नाही, आणि दुसरं म्हणजे वेव्हटेबलमधल्या वेव्ह आधीच हार्मोनिक्सने भरलेल्या असतात. भरलेल्याने भरलेल्याला हलवलं की क्षणात गोंगाट होतो. वेव्हटेबल सिंथमधे एफएम करायची असेल तर हलवणारा तरी साइन ठेवा, मग बघा किती मवाळ होतं. तुमचा ई-पियानो आणि घंटा मात्र त्यात खटाटोपाच्या होतील, मी त्यासाठी तिकडे जाणार नाही.

आता काय करायचं ते. पहिली गोष्ट, ते हजारो पॅच बाजूला काढा, डिलीट करवत नसतील तर दुसऱ्या फोल्डरमधे टाका, आणि एकच ३२ पॅचची फाइल ठेवा. पॅच पालटताना कान काहीच शिकत नाही, फक्त थकतो, आणि थकलेल्या कानाला सगळेच पॅच सारखे वाटतात.

मग रिकाम्या पॅचपासून तीन आवाज बनवा, ऑपरेटरमधे बनवा, डेक्स्डमधे बनवा, आणि ज्या पेड सिंथवर मन आहे त्याच्या डेमोमधेही बनवा. घंटा: कॅरियर १, मॉड्युलेटर १.४ किंवा ३.५, दोघांचा अटॅक (चढायचा वेळ) शून्य, दोघांचा डिके (विरायचा वेळ) लांब, मॉड्युलेटरचा थोडा कमी. बेस: १:१, मॉड्युलेटरचा डिके अगदी आखूड, त्याला थोडा फीडबॅक, आणि कॅरियर स्थिर. फीडबॅक हळूच, कारण तो वाढवत गेलं की साइन आधी सॉसारखी होते आणि मग बऱ्याच सिंथमधे सरळ नॉइझ होते. ई-पियानो: वर सांगितलं तसा, १:१ ची जोडी आणि १:१४ ची जोडी, १४ वाल्या मॉड्युलेटरला वेलॉसिटी जोडलेली, म्हणजे हळू वाजवलं की टिंग नाही आणि जोरात वाजवलं की टिंग. तिन्ही आवाज कुठल्या सिंथमधे कमीत कमी चिडचिड होऊन झाले, तो तुमचा सिंथ. हे इतकं साधं आहे, आणि कुठल्याही तुलनेच्या व्हिडिओपेक्षा जास्त खरं आहे, कारण तुमचा हात कुठे अडखळतो हे दुसऱ्याला कसं कळणार.

डेमो वापरताना दोन गोष्टी मुद्दाम बघा ज्या लोक विसरतात. एक, कीबोर्ड स्केलिंग, म्हणजे वरच्या नोटांना मॉड्युलेटर आपोआप कमी करता येतो का, आणि ते करायला किती क्लिक लागतात. मधल्या सप्तकात सुंदर असलेला एफएम पॅच वरच्या सप्तकात जवळपास नेहमीच टोचतो. दुसरी गोष्ट एलियासिंग. ४४.१ किलोहर्ट्झच्या प्रोजेक्टमधे २२,०५० हर्ट्झच्या वरचं काही साठवता येत नाही, जे वर जातं ते दुमडून खाली येतं, भलत्याच सुरात. वरचा १७६० हर्ट्झचा ए वाजवा, १४ चा मॉड्युलेटर तिथे २४,६४० ला जातो, म्हणजे मॉड्युलेटर स्वतःच हद्दीबाहेर, त्याने काढलेले सूर तर सोडाच. तपासायची पद्धत सोपी: मॉड्युलेशन भरपूर ठेवून एक उंच नोट धरा आणि पिच बेंड हळू वर न्या. आवाजातले काही सूर वर जाण्याऐवजी खाली घसरताना ऐकू आले तर ते एलियासिंग. ओव्हरसॅम्पलिंगची, म्हणजे आतला हिशोब जास्त सॅम्पल रेटवर करायची, सोय असेल तर चालू करून परत ऐका. डीएक्स-७ स्वतःही एलियासिंग करायचा, त्यामुळे थोडं असणं वाईट नाही, पण ते तुम्हाला आवडतंय की टोचतंय हे घ्यायच्या आधी कळलेलं बरं.

तुमच्यापुरतं माझं मत विचाराल तर आत्ता काहीच घेऊ नका. ऑपरेटर आणि डेक्स्ड या दोघांत तुम्ही सांगितलेले तिन्ही आवाज पूर्णपणे होतात. दोन-तीन ट्रॅक त्यांच्यावर करा, आणि काम करताना कुठे अडलं ते एका कागदावर लिहीत जा. "चार ऑपरेटर संपले, अजून एक जोडी हवी होती" असं वारंवार लिहिलं गेलं, किंवा "याने त्याला आणि त्याने याला हलवायचं होतं" असं लिहिलं गेलं, तर एफएम-८ किंवा ऑप्सिक्स. "डेक्स्डची स्क्रीन बघून काम थांबतं" असं लिहिलं गेलं तर डीएक्स-७ व्ही. "जुन्या रेकॉर्डसारखा अगदी तसाच हवा होता, जवळ पोचलो पण तोच नाही" असं असेल तर ओपीएस-७. आणि कागद कोराच राहिला तर ते पैसे एखाद्या बऱ्या कोरसला किंवा वेलॉसिटी नीट देणाऱ्या कीबोर्डला जाऊ द्या, तुमच्या ई-पियानोला त्यातून नव्या सिंथपेक्षा जास्त फायदा होईल.

आणि पस्तावण्याबद्दल. तुम्हाला चुकीचा सिंथ घेण्याची भीती आहे, पण रेशो, लेव्हल आणि मॉड्युलेटरचा एन्व्हलप हे एका सिंथवर शिकलात की सगळीकडे तसंच चालतं, ऑपरेटरमधे बनवलेली घंटा एफएम-८ मधे पुन्हा बनवायला फार वेळ लागणार नाही, आकडेही जवळपास तेच राहतील. फक्त लेव्हलचे आकडे प्रत्येक सिंथमधे वेगळ्या मापाचे असतात, डेक्स्डमधले ८० दुसरीकडे ८० म्हणून टाकू नका, खालून सुरू करा आणि कानाने वर या.